मातृभाषेचा रकाना आधी भरायचा की शेवटी?

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यातल्या एक शिक्षिका आपल्याच भागातल्या भाषेवर पीएच.डी. करायला निघाल्या आहेत. घरी कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, आणि मोबाइलमुळे त्यात हिंदीची भर. मार्गदर्शकांनी सांगितलंय की मातृभाषेनुसार नमुना निवडा, प्रश्नावली भरून घ्या, वय-लिंग-जात-शिक्षण असे रकाने पाडा आणि टक्केवारी काढा. गाडी पहिल्याच रकान्यात अडली. एकाच घरात सासऱ्यांनी मातृभाषा कानडी सांगितली, मुलाने मराठी, आणि सून म्हणाली, ‘दोन्ही लिवा की.’ तर ही पद्धतच चुकीची आहे का, आणि सध्या ज्याचा बोलबाला आहे ते ट्रान्सलँग्वेजिंग (भाषा म्हणजे वेगळे कप्पे नव्हेत, माणूस हाताशी असलेलं सगळं मिसळून वापरतो, हा विचार) इथे लावलं तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलंय. हे उत्तर त्यांनाच.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. लावू नका, निदान आत्ताच नको. आधी सिद्धांत आणि मग त्यात बसणारी माणसं शोधणं, हेच तुमचे मार्गदर्शक करताहेत. फक्त त्यांचा सिद्धांत जुना आहे आणि तुमचा नवा असेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘या घराची भाषा अमुक’ हे तुमच्या प्रबंधाच्या शेवटी निघायला हवं. तुम्हाला ते पहिल्या पानावर भरायला सांगितलंय. सगळा घोळ त्या क्रमाचा आहे.

हा रकाना आला कुठून ते बघा. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात जी मुख्यतः बोलली जायची ती. व्याख्या कागदावर स्वच्छ आहे. प्रत्यक्षात प्रगणक दारात उभा असतो, उत्तर पुष्कळदा घरातला कर्ता पुरुष देतो आणि सगळ्या घराला एकच नाव लागतं. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांच्या मोळ्या बांधून १२१ भाषा झाल्या. १९६१ च्या यादीत १,६५२ मातृभाषा छापल्या होत्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणारे असतील तर ते नाव वेगळं छापायचंच नाही असं ठरलं. हिंदीच्या ५२ कोटींत पाच कोटी भोजपुरी बोलणारे आहेत. आपल्याकडे अहिराणीला ‘खानदेशी’ या मोळीत जागा मिळाली आणि वारलीला ‘भिली’च्या. यात कुणी खोटं बोललेलं नाही. पण ‘भाषा’ म्हणून जे हातात येतं ते एका कचेरीतल्या वर्गीकरणाचं फळ आहे, एवढं लक्षात ठेवून ते आकडे वापरावेत.

उत्तरं राजकारणानेही हलतात. १९५१ मध्ये पंजाब आणि आसपासच्या भागात हिंदी की पंजाबी हा वाद इतका तापला होता की हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे एकत्रच छापावे लागले. तुमच्या जतमध्ये तर हे ताजंच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगायची भाषा केली. त्याला आधार होता पाण्यासाठी वैतागून त्या भागातल्या ग्रामपंचायतींनी पूर्वी केलेल्या ठरावांचा. त्या महिन्यात प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्याला ‘तुमची मातृभाषा कोणती’ याचं जे उत्तर मिळालं असतं, ते भाषेबद्दल असतं की पाण्याबद्दल? दोन्हीबद्दल. म्हणून ते उत्तर टाकून देऊ नका, पण कुठल्या महिन्यात, कुणासमोर आणि कुणी दिलं तेही शेजारी लिहा.

ब्रिटिश काळात ग्रियर्सन साहेबांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचंही असंच आहे. १८९४ ते १९२८ एवढा काळ चाललेलं हे काम प्रचंडच. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या गेल्या. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. आजही मी तो उघडते. पण नमुने कसे आले ते बघा. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणी पाठवायची, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने स्थानिक शिकलेल्या माणसाकडून ती बोलीत करून घ्यायची, सोबत एखादी स्थानिक गोष्ट आणि ठरावीक शब्द-वाक्यांची यादी. म्हणजे पुष्कळदा आपल्या हातात असते ती एका साक्षर पुरुषाने, साहेबासाठी, लिहून दिलेली बोली. भांडण, बाजार, ओवी, लेकराला दटावणं यातलं त्यात फार काही सापडत नाही. शिवाय मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचं संस्थान सर्वेक्षणाबाहेर होतं. म्हणजे आजचा मराठवाडा तिथे जवळपास नाहीच. आणि त्या खंडांचे नकाशे पाहून पुढच्या पिढ्यांना वाटत राहिलं की भाषा म्हणजे हद्द असलेलं शेत. तुमचा तालुका नेमका बांधावर आहे, म्हणून तुम्हाला ते खुपतंय.

आता मोजणीबद्दल. तुमच्या मार्गदर्शकांची पद्धत ज्या परंपरेतून आली, तिच्या मूळपुरुषाबद्दल मला आदरच आहे. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबोव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत जाऊन विक्रेत्यांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच यावं. मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. शब्दातला ‘र’ कोण उच्चारतं, कोण गिळतं, दुसऱ्यांदा जपून बोलताना काय होतं, एवढंच टिपलं. उंची दुकानात ६२ टक्के विक्रेत्यांच्या तोंडी ‘र’ थोडाफार तरी आला, मधल्या दुकानात ५१ टक्के, स्वस्त दुकानात सगळ्यांत कमी. यातली खरी हुशारी अशी की कुणालाही ‘तुमची भाषा कशी आहे’ असं विचारलंच नाही. आपल्याकडे या कामातली टक्केवारी उचलली गेली आणि न विचारण्याची हुशारी मागे राहिली. प्रश्नावलीतून माणूस स्वतःच्या बोलण्याबद्दल काय मानतो ते कळतं. तो कसा बोलतो ते कळत नाही. ‘आम्ही अडाणी, आमचं काय शुद्ध नसतं’ म्हणणारी आजी पाहुण्यांसमोर ‘पाणी’ म्हणते आणि पाठ फिरली की ‘पानी’. कागदावर दोन्ही येत नाहीत.

न्यूयॉर्कचा वर्ग इथे जातीच्या नावाने बसवायचा ही दुसरी चूक. १९५० च्या दशकात भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहिले. निबंधात त्या गावाला त्यांनी खालापूर म्हटलंय. त्या गावात दलित जातींच्या बोलण्यात वेगळेपण टिकून होतं, आणि त्यातली माणसं तर रोज राजपुतांच्या घरी-शेतात कामाला. नुसत्या संपर्काने बोली एक होत असती तर ती केव्हाच झाली असती. गम्पर्झ यांचा निष्कर्ष असा की कामाचा संबंध पुरत नाही. कोण कुणाबरोबर बसतं, कुणाची मुलं कुणाबरोबर खेळतात, मोकळ्या गप्पा कुठे होतात, त्यावर बोली ठरते. ‘जात’ हा रकाना भरून हे दिसलं नसतं. ओट्यावर कोण बसतं हे बघावं लागलं. शंभरातल्या नव्वद प्रबंधांत अजूनही ‘ब्राह्मणी’ आणि ‘बहुजन’ असे दोन खण करून काम उरकतात, त्याचा मला कंटाळा येतो.

आणि आता तुमच्या अगदी घराजवळचं, सांगलीला लागून असलेलं कुपवाड. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत महाराष्ट्रातल्या ज्या एका गावाचं नाव घेतलं जातं ते हे. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा निबंध १९७१ मध्ये आला. तेव्हा कुपवाड तीनेक हजार वस्तीचं. जैन आणि लिंगायत कानडी बोलणारे, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, दोर वळणारी काही घरं तेलुगू. घरात आपापली भाषा आणि चारचौघांत बहुतेक वेळा मराठी, कारण ती कुठल्याच वरचढ गटाची घरची नव्हती. हे तीन-चारशे वर्षं चाललं आणि कुठलीच भाषा मेली नाही. मात्र आतून त्या एकमेकींसारख्या होत गेल्या. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’, आणि कानडीत शब्द वेगळे पण क्रम तोच, मधला ‘जरा’सुद्धा तोच. एका भाषेतला शब्द काढा, दुसरीतला घाला, वाक्य तयार. कानडीत ‘हे तुमचं घर’ म्हणताना एरवी ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कानडीत तो ‘आहे’ आलेला दिसला. उलट उर्दूने कानडीकडून लिंगाची रीत घेतली. नदी स्त्रीलिंगी असूनही ‘वहाँ नदी आया’. कानडीत स्त्री-पुरुष भेद माणसांपुरता, बाकी सगळं नपुंसक; तेच इथे शिरलं.

निबंध सुंदर आहे आणि मी तो अजूनही शिकवते. पण तुम्ही तो वाचताना तीन गोष्टी विचारा. पहिली, तुलना कुणाशी? कुपवाडची उर्दू लखनौच्या उर्दूशी ताडली तर प्रत्येक फरक कुपवाडात घडल्यासारखा वाटतो. विजापूरच्या दख्खनीशी, म्हणजे दक्षिणेतल्या उर्दूशी ताडली तर त्यातलं किती आधीच सोबत आलं होतं? कानडीचंही तसंच, पुस्तकी म्हैसुरी कानडी की अथणी-जमखंडीकडची? मधला दुवा गाळला की प्रमाणभाषा आपोआप मोजपट्टी होते, आणि गावची भाषा म्हणजे तिच्यापासूनचं विचलन. दुसरी, काळ. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी चाळीस वर्षांनी पुन्हा कुपवाडला गेल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी शब्दाला शब्द बदलून चालणाऱ्या त्या प्रतिमानाचीच फेरतपासणी केली. १९६० मध्ये भाषावार राज्य झालं, मराठी राज्याची आणि शाळेची भाषा झाली. त्याआधी चारचौघांतली ‘कुठल्याच वरचढ गटाची नाही’ अशी जी मराठी होती, ती आता सरकारची झाली. मधल्या काळात गावात एमआयडीसी आली, १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली. १९७१ चं गाव आता नकाशावर आहे, पण ते गाव राहिलेलं नाही. कुपवाडचं उदाहरण वर्तमानकाळात देणारी पाठ्यपुस्तकं मात्र अजून छापली जातात!

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: सुना. निबंधाच्या मांडणीत घर म्हणजे एक भाषा. आपल्याकडे मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी जाते. देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्नच आहे, हे जनगणनाही सांगते. सीमाभागातल्या जैन-लिंगायत घरांत अथणीची, चिकोडीची, इंडीची सून सांगली-जतकडे येते आणि इकडची लेक तिकडे जाते. सोयरीक सीमा मानत नाही. मग ‘आई बोलली ती भाषा’ ही जनगणनेची व्याख्या आणि ‘घराची भाषा’ हे सासऱ्यांचं उत्तर यांच्यात फट पडणारच. तुमच्या त्या सुनेचं ‘दोन्ही लिवा की’ हे उत्तर तुम्ही अडचण म्हणून सांगितलंत. माझ्या मते तुमचा प्रबंध तिथेच सुरू होतो. ती कुठल्या गावची? माहेरची कानडी आणि सासरची कानडी यात तिला काय वेगळं वाटतं? पहिल्या वर्षी तिला कुणी हसलं का, कुठल्या शब्दाला? लेकराला झोपवताना कुठली, अभ्यासाला बसवताना कुठली? गावाच्या हद्दीऐवजी दहा-बारा घरांच्या सोयरिकीचा नकाशा काढा. तो कर्नाटकात किती खोल जातो आणि पंधरा वर्षांपूर्वी किती जात होता, यावरून कानडीचं पुढे काय होणार याचा अंदाज मिळेल. टक्केवारीतून तो मिळत नाही.

भाषेऐवजी माणसाच्या दिवसापासून सुरुवात करा, हे काही मी नव्याने सांगत नाही. भाषावैज्ञानिक प्रबोध पंडितांनी पुणे विद्यापीठातल्या गुणे स्मारक व्याख्यानांत हे मांडलं. ती १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुंबईतला गुजराती मसाल्याचा व्यापारी प्रसिद्ध आहे. घरी गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोकणी, क्वचित कुठे औपचारिक प्रसंगी इंग्रजी. यातल्या प्रत्येक भाषेच्या व्याकरणात त्याची परीक्षा घेतली तर बहुतेकांत तो नापास होईल. पण दिवसभरात त्याचं एकही काम अडत नाही. पंडितांचा रोख असा की युरोप-अमेरिकेत स्थलांतरित माणूस दोन पिढ्यांत भाषा सोडतो हे तिथलं सर्वसामान्य चित्र. आपल्याकडे भाषा टिकवून धरणं हे सर्वसामान्य. मग तिथले सिद्धांत जसेच्या तसे आणले तर आपण जे नेहमीचं आहे त्यालाच अपवाद समजून त्याची कारणं शोधत बसतो. पुण्यातच राहून काम केलेले भाषावैज्ञानिक लछमन खूबचंदानी हेच वेगळ्या वाटेने सांगत राहिले: भाषांच्या सीमा प्रवाही आहेत, माणूस प्रसंगानुसार स्वतःची भाषा सांगतो आणि ते खोटं नसतं.

म्हणूनच ट्रान्सलँग्वेजिंगच्या नव्या पुस्तकांबद्दल मी थोडी तिरकस बोलते. भाषा म्हणजे कप्पे नव्हेत, माणूस हाताशी असलेलं सगळं वापरतो, हे २००७ नंतर इंग्रजीत फार जोरात मांडलं गेलं. वाचा, त्यात चांगलं पुष्कळ आहे. पण संदर्भसूचीत पंडित आणि खूबचंदानी दिसतात का तेही बघा. शिवाय एक धोका आहे. ‘भाषा असं काही नसतंच, सगळं वाहतं’ हे ऐकायला छान आहे. जतच्या कानडी शाळेत शिक्षक मिळत नाही तेव्हा, किंवा अहिराणी बोलणाऱ्या पोराला वर्गात ‘नीट बोल’ म्हणून गप्प केलं जातं तेव्हा, भाषेचं नाव अगदी खरं असतं. नाव बनवलेलं आहे म्हणून ते निष्प्रभ आहे असं नाही. ते कोण वापरतं आणि त्यातून कुणाला काय मिळतं, हे अभ्यासायचं.

एक छोटं उदाहरण खोलात जाऊन देते, म्हणजे पद्धत लक्षात येईल. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. रकान्यांच्या पद्धतीने काय कराल? लिंग: स्त्री, रूप: ‘-लो’, वय, शिक्षण, आणि शिकलेल्यांत ‘-ले’ वाढतंय असा तक्ता. तक्ता खरा असेलही. पण प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. कानडीत ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ असा फरकच नाही, प्रथमपुरुषी क्रियापद लिंग बघत नाही. मग हा शेजाराचा परिणाम का? की प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ बायका-पुरुष सगळे म्हणतात, तेच रूप एकवचनात आलं? जवळच सातारा-फलटणकडे ‘मी जाती’, ‘मी करती’ अशी बायकांची वेगळी रूपं ऐकू येतात, ती आणि ही एकमेकांना कुठे भेटतात? हा झाला इतिहासाचा भाग. आता कोल्हापूरची एक मुलगी पुण्याच्या वसतिगृहात राहतेय असं धरा. मैत्रिणींशी ‘मी जेवले’, आणि घरून फोन आला की ‘जेवलो गं आई, मगाच जेवलो’. तिला कुठल्या रकान्यात घालणार? आणि हीच मुलगी रील करायला बसली की गरजेपेक्षा जास्तच ‘आलो-गेलो’ करते, कारण आता तो कोल्हापूरपणाचा शिक्का झालाय आणि त्याला लाइक मिळतात. लबोव्ह यांनीच १९६३ मध्ये मार्थाज व्हिनयर्ड बेटावर हे दाखवलं होतं. उन्हाळी पाहुण्यांची गर्दी नकोशी झालेल्या कोळ्यांचे जुने स्वर पुन्हा गडद झाले होते. म्हणजे रूप तेच राहतं, पण त्याचा अर्थ हलतो. मोजायचं असेल तर त्या मुलीचे दोन फोन आणि एक रील मोजा. दोनशे मुलींनी ‘तुम्ही काय म्हणता?’ याला दिलेली उत्तरं मोजून काही हाती लागणार नाही.

आता कामाचं. तुम्हाला विद्यापीठाची समिती पार करायची आहे, तेव्हा प्रश्नावली ठेवा. फक्त ती शेवटच्या टप्प्यात घ्या, आणि तोवर ज्या घरांत तुमचं जाणं-येणं झालंय तिथेच घ्या. म्हणजे माणूस काय म्हणतो आणि काय बोलतो यांतली तफावत हाच एक अध्याय होतो. त्यात टक्केवारी जरूर द्या, मार्गदर्शकही खूश.

त्याआधी चार-पाच घरं निवडा आणि प्रत्येक घराचा एकेक दिवस ऐका. मुलाखत नको. चहा, दूध घालायला जाणं, रेशन दुकान, बँकेतलं काम, संध्याकाळचा अभ्यास, रात्रीची मालिका. जमलं तर यल्लम्माच्या जत्रेत एक फेरी मारा. दोन्ही राज्यांतली माणसं तिथे एकमेकांशी कशी सुरुवात करतात, पहिलं वाक्य कुठल्या भाषेत टाकून बघतात, हे तिथे जसं दिसतं तसं घरी दिसत नाही. घरात ध्वनिमुद्रण करताना यंत्र लपवू नका, समोर ठेवा. पहिला अर्धा तास सगळे शुद्ध बोलतात, मग दूध उतू जातं आणि माणसं माणसांसारखी बोलायला लागतात. तो पहिला अर्धा तास पुसू नका. ‘चांगली भाषा’ म्हणजे त्यांना काय वाटतं, ते त्यातच सापडतं.

लिप्यंतराला किती वेळ जातो याचा अंदाज कुणी देत नाही. दोन भाषा मिसळलेल्या एका तासाला दहा-पंधरा तास धरा. ‘एलान’ (ELAN) हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, ध्वनी आणि मजकूर जोडलेला राहतो. देवनागरीत लिहिताना हात नकळत प्रमाण रूपाकडे वळतो. ‘व्हय’चं ‘होय’ होतं आणि ‘च’ दंत्य की तालव्य ते कळेनासं होतं. ज्या ध्वनींवर तुमचा मुद्दा उभा आहे तेवढे ध्वनिलिपीत लिहा, बाकी देवनागरी चालेल. प्रत्येक शब्दाला ‘कानडी’ किंवा ‘मराठी’ अशी खूण करायला सांगतात. तिथे ‘ठरवता येत नाही’ अशी तिसरी खूण ठेवा. कुपवाडच्या त्या वाक्यातला ‘जरा’ तुम्ही कुणाच्या नावावर चढवाल? अशा शब्दांची यादी वाढत गेली तर तीच तुमची सामग्री.

मराठीतलं आधीचं काम बघून घ्या. अ. मा. घाटगे यांची १९६० च्या दशकातली बोलींची सर्वेक्षणं जुन्या घडणीची आहेत, पण रूपं मिळतात. ना. गो. कालेलकरांचं भाषेच्या इतिहास-भूगोलाबद्दलचं मराठी लेखन वाचा, निदान गद्य कसं लिहावं ते तरी कळेल. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या भेदांवर प्रबंध केला आणि मग तिथेच राहून मुलांना लिहिता-वाचता यावं म्हणून शिक्षणाचं काम उभं केलं. त्यांच्या बाबतीत एक दुसऱ्यातून कसं निघालं हे बघण्यासारखं आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं बोलींचं नवं सर्वेक्षण संकेतस्थळावर आवाजासकट आहे. त्यात छोट्या दृश्यफिती दाखवून ‘काय झालं ते सांगा’ असं विचारलंय. उधळ्या मुलाच्या गोष्टीच्या मानाने ही मोठीच मजल. तुमच्या भागातले नमुने आधी तिथे ऐका.

शाळेत तुमच्या हाताशी एक कागद आहे, त्याचा कुणी फारसा उपयोग करत नाही: जनरल रजिस्टर. त्यात मातृभाषेचा रकाना असतो आणि तोच पुढे दाखल्यावर उतरतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी बघा. त्या कुणी भरल्या, पालकाला विचारून की वर्गावरून अंदाजाने? एकाच घरातल्या थोरल्याची कानडी आणि धाकटीची मराठी अशी नोंद सापडते का? सापडली तर त्या दोघांमध्ये काय बदललं: शाळा, शिक्षक, की घर? मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि नावं काढून टाकूनच नोंदी उतरवा.

शेवटची अडचण तुम्ही स्वतः. तुम्ही त्या मुलांच्या बाई आहात. तुम्ही दारात आलात की घर मराठीवर येणार, आणि ‘नीट बोल, बाई आल्यात’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येणार. ते वाक्य लिहून ठेवा, कुठल्या भाषेत म्हटलं गेलं तेही. पण मुलांचं आपापसातलं बोलणं तुम्हाला समोर बसून मिळणार नाही. त्यासाठी गावातलीच कॉलेजला जाणारी एखादी मुलगी सोबत घ्या, तिला मानधन द्या, तिचं नाव तिच्या परवानगीने प्रबंधात घाला. स्वतःच्या वर्गातल्या मुलांचं मुद्रण तुम्ही करूच नका. ज्या बाई गुण देतात त्यांना पालक ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, आणि अशा संमतीला काही अर्थ नाही. शेजारच्या गावच्या शाळेत जा.